केबलचं दुसरं टोक

२० जानेवारी
देवळीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये केबल-तपासणी. जमिनीखालची, जुनी. न उकरता, न कापता तिचं इन्सुलेशन किती म्हातारं झालंय ते सांगायचं, हेच आपलं काम. दोन्ही टोकं पुसायची, मगच मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावायचा. अलीकडचं पुसलं. पलीकडे निघालेच होते तर शेठाणींचा निरोप, हळदीकुंकवाला या. जरीच्या साड्यांत मी एकटी बूटवाली. सगळ्या 'इंजिनियरबाई' म्हणत होत्या, बरं वाटलं. वाण म्हणून स्टीलची वाटी. परतले तर शेठ घाईत, मशीन बंद ठेवलेली. लावला मेगर. रीडिंग फारच कमी. केबल गेली, बदला, सांगून मोकळी.

२५ जानेवारी
केबल उपटली. तिथले वायरमन दिवाकरकाका, आमच्याच आळीतले. शेठनी त्यांचं वायरमनचं काम काढून त्यांना वजनकाट्यावर बसवलं. म्हणाले, "तुमच्या हातानंच सडली केबल." वाईट वाटलं. तरी आईला ऐटीत म्हटलं, मेगर खोटं बोलत नाही.

३ फेब्रु.
समुद्रपूर. इथंही जिनिंग, तेच कमी रीडिंग. टोकावर रुईची, कापसाची धूळ, दवानं ओली. पुसली. रीडिंग सरळ वर.
देवळीचं पलीकडचं टोक मी पाहिलंच नाही. मिरवत बसले होते.

४ फेब्रु.
आळीत काका. "काय बाई, लय दिवसाची दिसली नाई?" काहीतरी पुटपुटून सटकले. आईनं डब्यात नेमकी तीच वाटी दिली. भाजी तशीच परत. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

६ फेब्रु.
देवळीला गेले. केबल शेडमागे वेटोळं करून पडलेली, भंगारात गेली नाही हे नशीब. काकांना बोलावलं. या वेळी दोन्ही टोकं मी स्वतः पुसली. मेगर लावला. छान रीडिंग. अजून कितीतरी हंगाम चालली असती.
"काय म्हंते मशीन?"
"केबल चांगली आहे, काका."
"मंग काढली काऊन?"
सांगितलं. हळदीकुंकू, वाटी, न पुसलेलं टोक, सगळं. त्यांनी केबलचं टोक हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "मले सांगून काय होते, बाई? शेठले सांगशीन का?"
हो म्हटलं. शेठ नागपूरला गेलेत, उद्या येतील. काका परत काट्यावर जाऊन बसले.