तारांसकट खर्च

नवनाथदादा,
जय भीम.

तुझं विमान आता उडणार नाही. ते सुटं करून विकायचं ठरलंय, असं फ्लाइंग स्कूलचे मालक रविराजसर यांनी आज सकाळी स्वतः सांगितलं. ठरलं ते माझ्याच अंदाजपत्रकावरून.

त्यांना माझ्याकडून फक्त नवा रेडिओ आणि नकाशाचा स्क्रीन बसवून घ्यायचा होता. मी पॅनल उघडलं, तर मागे त्याच जुन्या, कडक झालेल्या तारा. तू गेलास त्या जोडीच्या विमानात अशाच तारा जळाल्या होत्या, ढगात, तू एकटा असताना. म्हणून मी तारांसकट खर्च काढला. तो विमानाच्या किमतीपेक्षा जास्त निघाला.

सर म्हणाले, "मॅडम, तारा राहू द्या की. एवढी वर्षं चालल्याच ना?"

"दादाच्याही चालल्याच होत्या, सर."

त्यावर त्यांनी विमान सुटं करून विकायचं सांगितलं.

संध्याकाळी गावी नेकनूरला फोन केला, तर आई चिडली. "कामून एवढा आकडा लावलास गं? त्या इमानात माझा नवनाथ पोरं शिकवायचा. तेवढंच तर राह्यलं हाय त्याचं."

मी तिला तारांचं सांगितलं. ती लई रडली, दादा. मग म्हणाली, "खरं तेच लिवलंस. पर मोडायच्या आधी मला एकदा बसू दे त्यात."

मंगळवारी मेकॅनिक पंख उतरवायला येतील. आई सकाळच्या एसटीने येणार आहे. मेकॅनिकना मी थोडं थांबायला सांगितलंय. आधी ती तुझ्या जागेवर बसेल.

तुझी,
यशोधरा