हात लावण्याआधी

३ फेब्रुवारी
आज नसरीनने यांचा सदरा बदलताना आधी लुळा हात बाहीत घातला, मग चांगला. मी नेमकं उलटं करत होते आणि हे कण्हत होते.
"क्लासमंदी सांगतलं काकू. घालताना आधी दुखरा, काढताना आधी चांगला."
जपानमधल्या म्हाताऱ्यांसाठीचं शिक्षण, पहिला उपयोग बुलढाण्यात. पोर देऊळघाटहून सकाळच्या ऑटोने येते, यांचं सगळं करते आणि दुपारी यांच्या उशाशी बसून मोबाइलवर क्लास. परीक्षा झाली की तिकडच्या वृद्धाश्रमात नोकरी. मागच्या वर्षी मीच "शीक" म्हटलं तेव्हा जपान फार लांब वाटलं होतं.

९ फेब्रु.
नवा धडा. म्हाताऱ्या माणसाला हात लावण्याआधी विचारायचं, "योरोशी देस का?" म्हणजे चालेल का? आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. सराव यांच्यावर.
झटका आला तेव्हापासून यांच्याकडे एकच शब्द उरलाय, "चला". पाटबंधारे खात्यात असताना रोज सकाळी जीपकडे निघताना म्हणायचे तो. भूक लागली, चला. दुखलं, चला.
नसरीनने विचारलं आणि हात मागे घेऊन थांबली. मी म्हणणारच होते, अगं, वळव, ते काय सांगणार. हे तिच्याकडे बघत राहिले. मग, "चला." तिने कुशीवर वळवलं. यांनी अंग ताठ केलं नाही, कितीतरी महिन्यांनी.
एवढ्या वर्षांच्या संसारात असं आम्ही एकमेकांना कधी... जाऊ दे.

२ मार्च
सिंगापूरहून अजयचा फोन. दोन्ही मुलांना सांभाळायला फिलिपिन्सची बाई आहे, "अगदी घरच्यासारखी, आई." मी विचारलं, तिची मुलं कोण बघतं? "तिची आई असेल." मग रेंज गेली. किंवा गेली नसेल.
सिस्टर अगाथा आठवल्या. मिशनच्या बोर्डिंगमध्ये आमच्या वेण्या घालायच्या, ताप आला की उशाशी बसायच्या. केरळातून आलेल्या. आई गेल्याचं पत्र आलं त्या दिवशीही शिवणाचा तास घेतला. सुईत दोरा जाईना, आम्ही मुली खुसखुसत होतो. त्यांच्या आईच्या उशाशी कोण होतं, हे आम्हाला कुणाला सुचलंही नाही.

१ एप्रिल
नसरीनची अम्मी शीरखुर्मा घेऊन आली. गुडघे धरत, एकेक पायरी. बसल्या बसल्या लेकीकडे बोट करून मला म्हणते, "इसको पूछो भाभी, इधर के बुड्ढे कम पड़ गए क्या?"
नसरीन, "अम्मी, तेरा नंबर लगने तक सीख के आती ना."
"मेरा नंबर मैं खुद लगा लूँगी. तू अपना देख."
खूप हसलो. हेही, एका बाजूने. शीरखुर्मा चार चमचे गेला, ठसका नाही.

१९ मे
उद्या तिचा निकाल. देवापुढे मेणबत्ती लावली. बोर्डिंगची सवय, सासूबाई असताना बोलणी खाल्ली तरी गेली नाही. काय मागायचं ते ठरेना. तशीच फुंकली.

२० मे
पास. यांच्यापुढे जपानी पद्धतीने कमरेतून वाकली आणि उठेचना. बघते तर रडत होती. पेढे आणायला गेले. दुकानदार म्हणाला, कशाचे? "मुलगी पास झाली" म्हणून आले.

१४ जुलै
गेली.
माझा राखाडी स्वेटर दिला. ऑटो दारात, अम्मी आत बसलेली. नसरीन पलंगाशी आली. "बाबा, जाऊ? योरोशी देस का?" यांनी डोळे मिटून घेतले. ती थांबली. बाहेर हॉर्न. ती थांबलीच.
"काकू, बाबांनी हो नाही म्हटलं."
"म्हणतील. जा तू."
मी खोटं बोलले, हे तिलाही कळलं असावं.

२९ जुलै
नर्सिंग ब्युरोकडून आलेली बाई आज सोडून गेली. पोतं ओढावं तसं ओढायची. हे लाकडासारखे ताठ, तोंड मिटून, घास नाही. "म्हातारा लय जिद्दी हाय बाई. माह्यानं नाही होत." खोटं काय बोलली? त्याआधीची दोनच दिवस टिकली होती.
अजय म्हणतो, चांगल्या ठिकाणी ठेवू. कुठल्या?

१० ऑगस्ट
सकाळी दारात अम्मी. "मुझे रख लो भाभी. खाली घर खाने को दौड़ता है."
"तुमचे गुडघे?"
"तुम्हारी कमर कौन सी जवान है?"
तिला ते वाक्य शिकवलं. यांच्या खांद्याशी हात नेऊन म्हणाली, "बिस्मिल्ला. योरोशी देस का भाईसाब?" हे तिच्याकडे बघतच राहिले. "चला."
दोघींनी मिळून वळवलं. मग दोघी भिंतीला टेकून बसलो, धापा टाकत. आज बरं वाटलं. उद्याचं उद्या.

३१ ऑगस्ट
नसरीनचा व्हिडिओ कॉल. गाल बसलेत. एक आजी तिला स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारते. मुलगी दुसऱ्या शहरात, येत नाही. "मी हो म्हणतो काकू. रोजच." अम्मीने पदराने फोनची काच पुसली, जणू लेकीचंच तोंड. यांच्यासमोर धरला तर हे भिंतीकडे बघत राहिले.
पडून पडून झालेली पाठीची जखम वाढलीय. डॉ. म्हणाले, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर हाडापर्यंत जाईल. रात्री मी एकटीच असते. होत नाही.

७ सप्टें.
सकाळी हे पलंगावरच घसरून पायथ्याशी आलेले. मान वाकडी, चादर ओली. शेजारचे गावाला गेलेत. अम्मी एका बाजूला, मी एका बाजूला. चादरीची टोकं मुठीत धरली.
मीच विचारलं. जपानी आठवेना, म्हणून आपलंच. "अहो, उचलू का?"
थांबले. यांनी माझ्याकडे पाहिलं, खूप दिवसांनी असं सरळ. "चला."
जोर लावला. चादर ताणली, हे हलले नाहीत. पुन्हा. अम्मी "या अल्ला" म्हणत मटकन पलंगाच्या कडेला बसली, पण टोक सोडलं नाही. मीही नाही.
हे आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, आता निघायचंच असं. पुन्हा म्हणाले,
"चला."