रुसलेल्याला आधी पाणी

आबा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. बारावीनंतर मी पुण्याला गेले असते तर दर आठवड्याला लिहिलं असतं, पण तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत. हे वाक्य लिहिलं आणि लगेच तुमचा आवाज कानात आला, तोच मऊ, दुकानातला, "बेटा, मी कोठे ना म्हनं?" खरं आहे. तुम्ही नकार दिलाच नव्हता. आयुष्यभर कुणालाच दिला नाहीत. त्याबद्दलच बोलायचं आहे, आणि या खेपेला तुम्हाला मध्ये बोलून माझी समजूत काढता येणार नाही.

दुकानापासूनच सुरू करते, कारण तुमचा जीव तिथेच होता. जळगावच्या बाजारातलं ते लांबट साड्यांचं दुकान, पांढऱ्या गाद्या, आणि गादीवर मांडी घालून बसलेले तुम्ही. शेठ गल्ल्यावर, पण लग्नाचा बस्ता आला की सगळी मंडळी तुमच्याच पुढ्यात बसायची. पारोळ्याहून, एरंडोलहून जीप भरभरून माणसं यायची आणि जीपमध्येच निम्मी भांडणं झालेली असायची. इतर सेल्समन नवरीला साड्या दाखवायचे नाहीतर पैसे देणाऱ्याला. तुम्ही आधी नुसते बघत बसायचात. नवऱ्यामुलाची एखादी फुई, म्हणजे आत्या, कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली असे, तिला मानपानात कुणीतरी विसरलेलं असे. तुम्ही उठायचात, माठातलं पाणी स्वतः भरायचात आणि पहिला पेला तिच्या हातात द्यायचात. "अक्का, तुम्ही सांगा, तुमच्याशिवाय कुणाला कळतं?" बस्स. मग ती फुईच सगळ्यांच्या साड्या निवडायची. रुसलेल्या माणसानं आपल्या हातचं पाणी घेतलं की अर्धं काम झालं, असं तुम्ही मला शिकवलं होतंत. दिवाळीच्या सुट्टीत मी डबा घेऊन यायचे आणि थांबून बघत राहायचे. साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून तुम्ही उभे राहायचात तेव्हा मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. तेव्हा फक्त अभिमान वाटायचा, हेही लिहून ठेवते.

तो निळ्या साडीचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. नवरी माझ्याहून फार मोठी नव्हती. तिची नजर सारखी एका निळ्या साडीवर जात होती आणि सासरकडच्या बायका तिच्या अंगावर लाल-हिरव्या टाकत होत्या. मी मधेच बोलून गेले, "हिला ती निळी आवडलीये." नवरीनं मान खाली घातली, होणारी सासू म्हणाली, "आत्तापासून हिची आवड का?" आणि बघता बघता बस्ता उठला, समोरच्या दुकानात गेला. तुम्ही उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत बसलात. संध्याकाळी पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटपाशी सायकल हातात धरून उभे असताना तुम्ही बोललात. "तुन्हं खरं व्हतं. पन खरं बोलीसन धंदा व्हस नही. तोंड दुकाननं शे बेटा, मन घर ठेवानं." मालगाडी जात होती, तिच्या आवाजात तुम्ही आवाजही चढवला नाहीत. मी ते गाठीला बांधून ठेवलं. पण मला एक सांगा, मन घरी ठेवायचं होतं ना? मग घरी ते कुठे ठेवलं होतंत? घरी तुम्ही पाय धुवायचात, जेवायचात, आणि आईनं काही विचारलं की दुकानातलंच हसायचात. तुम्हाला कशाचा राग येतो, कशाचं वाईट वाटतं, हे आम्हाला कधी कळलं नाही. गिऱ्हाइकांना निदान साडी तरी मिळत होती.

बारावीचा निकाल लागला आणि मला पुण्याला आर्किटेक्चरला जागा मिळत होती. तुम्ही म्हणालात, दुपारी दुकानात ये, निवांत बोलू. मला केवढा आनंद झाला! दुपारची वेळ, दुकान रिकामं. तुम्ही मला गादीवर बसवलंत. स्वतः उठून माठातलं पाणी आणलंत, चहा मागवलात. मग पुण्याची स्तुती सुरू केलीत. "पुनं ते पुनंच शे. मोठमोठी पोरं येतस तठे." कॉलेज केवढं मोठं, तिथल्या मुलींचं इंग्रजी कसं, होस्टेल कसं, ड्रॉइंगचं सामान किती लागतं. एक शब्द वाईट नव्हता. मग आईच्या बीपीचं सहज निघालं. मग आपल्या गावातलं कॉलेज कसं घरापासून चालत जाण्याइतकं आहे ते. शेवटी तुम्ही म्हणालात, "मन्ही काही ना नही. तूच सांग." आणि गप्प बसलात. मला ती चुप्पी चांगली माहीत होती, आबा. आधी ऐपतीबाहेरची साडी दाखवायची, तिची इतकी स्तुती करायची की गिऱ्हाईक मनातून घाबरतं, मग आपल्याला विकायची ती नुसती बाजूला उलगडून ठेवायची आणि बोलणं थांबवायचं. पुढचं गिऱ्हाईकच बोलतं. मी ते शंभरदा पाहिलं होतं आणि तरी माझ्याच तोंडून निघालं, "राहू द्या आबा, जळगावलाच बी.कॉम. करते." तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात. "तू म्हनशी तसंच."

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलंत. मी ते किती वर्षं वापरलं! बस्ता बांधून झाल्यावर वरून एक ब्लाऊजपीस द्यायची आपल्या दुकानाची पद्धत होती, म्हणजे घेणाऱ्याला घरी गेल्यावर पस्तावा होत नाही. ते घड्याळ म्हणजे माझा ब्लाऊजपीस होता, हे मला आत्ता आत्ता कळलं. पुढे पाहुण्यांमध्ये विषय निघाला की तुम्ही सांगायचात, मी अडवलं नाही, पोरीनंच ठरवलं. मीही मान डोलवायचे. तुम्ही गेलात तेव्हा दारात जमलेला जो तो म्हणत होता, आबांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. माझं दुखवायला हवं होतंत. "नाही पोरी, आपली ऐपत नाही," एवढं म्हणायला काय झालं होतं? मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, तुमच्याशी बोलले नसते, आणि मग मोकळी झाले असते. तुमच्यावर रागवायची सोयच तुम्ही ठेवली नाहीत. म्हणून मी स्वतःवर रागावत बसले, की आपल्यातच धमक नव्हती.

आणि तुमच्या त्या विद्येनं तुम्हाला काय दिलं? दुकानाचं तीन मजली शोरूम झालं, गाद्या गेल्या, काचेचे काउंटर आले. एक दिवस शेठनी तुम्हाला वर केबिनमध्ये बोलावलं. पाणी दिलं, गुडघ्यांची चौकशी केली, तुमच्यासारखा माणूस होणे नाही म्हणाले. तुम्ही शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन भर दुपारी घरी आलात आणि आम्हाला सांगितलंत, "शेठनी काही म्हटलं नाही. मीच म्हटलं, आता थांबतो." आई भांडी घासत होती. ती मागे न बघता म्हणाली, "तुम्ही सोता बोलनात, का तेस्नी तुम्हना तोंडमाईन काढी लिधं?" तुमच्या तोंडून काढून घेतलं, हे ऐकून तुम्ही चौकटीला धरून उभे राहिलात. पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवलात आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. मला त्या दिवसाबद्दल फक्त एवढंच विचारायचं आहे, तुम्हाला कळलं होतं का? माठातलं पाणी, स्तुती, चुप्पी, सगळं तुमचंच होतं. निदान तेव्हा तरी तुम्हाला त्या दुपारी गादीवर बसलेली मी आठवले का?

मी धुळ्याला नांदायला आले, विमा कंपनीत लागले, ते तुमच्या हयातीतलं. नंतर मला तक्रारींचं टेबल दिलं. तिथे माणसं भांडायलाच येतात आणि मी त्यांना शांत करून पाठवते. मध्ये शिरपूरकडचे एक म्हातारे काका आले होते, बायकोच्या ऑपरेशनचा दावा फेटाळला म्हणून कागद टेबलावर आपटत होते. मी उठून आधी पाणी दिलं. काकू कशा आहेत विचारलं, मुलाचं विचारलं, तुमची काही चूक नाही म्हणाले आणि मग गप्प बसले. जाताना ते मला "सुखी राह्य बेटी" म्हणून गेले. दावा फेटाळलेलाच होता. आमच्याकडे गेल्या वर्षी एका हॉटेलात प्रशिक्षण झालं, विषय भावनिक बुद्धिमत्ता. समोरच्याच्या भावना ओळखा, आपल्या ताब्यात ठेवा, नोकरीत कुठल्या कुठे जाल, असं पडद्यावर लिहिलेलं. सरांनी मला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. या ताईंकडून शिका, म्हणाले. मी हसले. तोंड दुकानाचं होतं.

नाशिकच्या विभागीय जागेसाठी माझं नाव पहिलं होतं. कित्येक वर्षं मी त्या जागेची वाट बघत होते, आणि आबा, मला ती पाहिजे होती, पुण्यासारखी पाहिजे होती. शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत, गोड बोलतात. त्यांनी स्वतः उठून पाणी दिलं. लेकीच्या बारावीचं विचारलं, आईच्या तब्येतीचं विचारलं. नाशिकची स्तुती केली, मोठी जबाबदारी, सतत फिरती, तिथली माणसं कशी तयारीची. धुळ्याचं ऑफिस तर तुमच्यावरच चाललंय म्हणाले. "माझी काहीच हरकत नाही मॅडम. तुम्हीच सांगा." आणि गप्प बसले. माझ्याच कानांनी मी ऐकलं, "राहू द्या सर, मी इथेच बरी आहे." ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." मी त्यांचे आभार मानून बाहेर आले! दिवसभर हेच काम करणारी बाई मी, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

घरी आले तर आई गॅसवर भाजलेल्या भरताच्या वांग्यांची सालं काढत बसली होती. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. मी पर्स ठेवली आणि तिला सांगितलं, "नाशिकचं राहिलं. साहेबांनी नाही म्हटलं नाही, मीच म्हटलं." आईचे हात थांबले नाहीत. चटका बसत होता म्हणून ती बोटं पाण्यात बुडवत होती आणि सालं काढत होती. ती म्हणाली, "तू सोता बोलनी, का त्यानी तुन्हा तोंडमाईन काढी लिधं?" मी ओट्याला धरून उभी राहिले. ती मला विचारत होती की तुम्हाला, मला समजेना. मग ती म्हणाली, "तुन्हा बाप बी असाच उभा व्हता." त्या रात्री भरीत कुणी धड खाल्लं नाही.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते पाणी द्यायला उठले. मी म्हटलं, "पाणी नको सर. शुक्रवारी बोलले ते मी मागे घेते. मला नाशिक पाहिजे." ते हसले. "मॅडम, तुम्ही चिडलात का?" मी म्हटलं, "हो." आबा, नोकरीतला माझा तो पहिला खरा शब्द. ते म्हणाले, "पण दुसरं नाव शुक्रवारीच गेलं ना. तुम्हीच तर नको म्हणालात." मग माझा आवाज चढला. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण काचेपलीकडे सगळं ऑफिस उभं राहून बघत होतं आणि मी रडतही होते. जागा गेली. आता शिपाईसुद्धा माझ्याशी जपून बोलतो. पुढच्या प्रशिक्षणाला मला पहिल्या रांगेत बसवतील, पण टाळ्यांसाठी नाही.

हे पत्र टाकायला कुठे जायचं हा प्रश्नच नाही, आणि आईलाही मी ते वाचून दाखवणार नाही. ती शेवटपर्यंत ऐकेल आणि पुन्हा तोच प्रश्न विचारेल. सोमवारी केबिनमधून बाहेर पडले ते खाली स्कूटरपाशी जाऊन उभी राहिले. तेव्हा मला ना नवऱ्याची आठवण झाली, ना आईची. तुमचीच झाली. तुम्ही असतात तर मला बाजूला बसवलं असतं. नाशिक फार छान शे म्हणाला असतात, मग तिथलं घरभाडं, लेकीचं कॉलेज, आईचे गुडघे, एकेक करून उलगडून ठेवलं असतंत आणि गप्प बसला असतात. मीच म्हणाले असते, जाऊ द्या आबा, झालं ते बरंच झालं. पण तुमच्या हातचं पाणी मात्र घेतलं नसतं, असा शेवट मी मनात ठरवून बसले होते.

घेतलं असतं.