घटाखालची वांगी

२९ सप्टें., रविवार
बी काल रात्रभर भिजवलं आणि रोपांचे ट्रे आलेच नाहीत. ऑनलाइनवाले आता बुधवार म्हणतात. भिजलेलं बी बुधवारपर्यंत थांबत नसतं. माळ्यावर चढलो. एक पितळी परात मिळाली, रुंद, बसकी, कधी कुणी वापरताना पाहिलेली नाही. निम्मी चाळलेली माती, निम्मं कोकोपीट, दोन मुठी गांडूळखत. ओळीत छत्तीस बिया, अर्ध्या पेराइतक्या खोल. वरून माती सपाट केली, पट्टी लावून. सर्व्हे खात्यात चौतीस वर्षं काढली, ओळ वाकडी जाऊन कसं चालेल.
बाल्कनीत कबुतरं आणि पाऊस दोन्ही, म्हणून परात हॉलमध्ये, देव्हाऱ्याशेजारी. भोक नाही, पाणी हातानेच शिंपडायचं.
सु. नांदेडला भावाकडे, बुधवारी रात्री येते. पितृपक्षात पेरलं हे तिला सांगायची गरज नाही. नवरा-बायकोत थोडं गुप्त असावं.

३० सप्टें., सोमवार
दादाचा फोन. काल रविवारी केला नाही म्हणून आज. "पेरलंस का?" "पेरलं." "समदं?" "सगळं." मग एवढ्यावरच फोन ठेवला.
मीही जरा घाबरलो. बोधनकडचं शेत जाऊन दोन वर्षं झाली. दादा प्रशांतकडे, लेकाकडे, इथेच हैदराबादेत कुकटपल्लीला सातव्या मजल्यावर बसून असतो. शेताचं बाकी काही उरलं नाही. उरली ही एक पुडी, तीन वर्षांपूर्वी धरलेलं बी. पांढुरकं, देठाला काटे, आजोबांच्याही आधीपासून आमच्याकडचं वांगं. बाजारात मिळत नाही, मी विचारलंय. हे उगवलं नाही तर संपलं. थोडं मागे ठेवायला हवं होतं, हे आत्ता सुचतंय. पश्चात्बुद्धी म्हणतात ती हीच.

३ ऑक्टो., गुरुवार
घटस्थापना. काय लिहू.
सु.ने पहाटे पाचला फुलांसाठी पिटाळलं. झेंडूचे भाव विचारून डोकं फिरलं, तरी घेतला. साडेआठला परत आलो तर घट बसलेला. माझ्या परातीत. मधोमध मातीचा घट, त्यावर नारळ, भोवती गहू, ज्वारी, साळ, करडई सगळं पसरून वर पाणी मारलेलं. अखंड दिवा लागलेला.
सु. माझ्याकडे बघून हसली. असं ती क्वचित हसते. "यंदा माती चाळून तयार ठेवलीत. ती पण घटाच्या परातीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या लक्षात राहिलं."
ती परात घटाची आहे. वर्षातून एकदाच उतरते, म्हणून मला ती वापरताना दिसली नव्हती. इतक्या वर्षांत परात कोणती ते मी कधी पाहिलंच नाही, आरतीला पाहुण्यासारखा येऊन उभा राहतो.
"हो," म्हणालो. आरती केली.
दिवा लागल्यावर घट हलवत नाहीत. दसऱ्यापर्यंत नाही.

४ ऑक्टो., शुक्रवार
सांगितलं. चहा झाल्यावर.
तिने कप खाली ठेवला. मग: "पेरलं कधी?" "रविवारी." "पितृपक्षात?" मी मान हलवली. "घटाच्या परातीत?" पुन्हा मान. "आणि काल का नाही बोललात?"
"तू खूश होतीस."
यावर ती उठून आत गेली. दुपारी म्हणाली, घट हलणार नाही. मी म्हटलं, मी कुठे म्हणतोय. म्हणाली, तुमच्या तोंडावर लिहिलंय.
ओळी कुठून कुठे होत्या ते मात्र विचारलं. कागदावर काढून दिलं. निदान आठ बिया थेट घटाच्या बुडाखाली आहेत.

६ ऑक्टो., रविवार
गहू पेरभर वर आला म्हणायला हरकत नाही. लोक बघून म्हणतात यंदा घट छान आलाय. येणारच, दोन मुठी गांडूळखत आहे त्यात. माझ्या ओळींचा पत्ता नाही. कोपऱ्यात उजेड नाही, वरून रोज पाणी.
दादाचा फोन. "आलं का?"
"आलं," म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "मस्त आलं."
"हाव?" मग, "दसऱ्याला येतो मंग बघायला."
त्याचे गुडघे गेलेले. आमच्याकडे लिफ्ट नाही, तिसरा मजला. म्हटलं फोटो पाठवतो. म्हणाला, फोटोत काय दिसतंय.
फोन ठेवल्यावर सु.: "आता?" अडुसष्टाव्या वर्षी मोठ्या भावाशी खोटं बोललो, तेही वांग्यावरून. स्वतःची लाज वाटली.

८ ऑक्टो., मंगळवार
काही नाही.
सु. पाणी घालताना आता भांडं वापरत नाही, हात बुडवून थेंब सोडते. माझ्या ओळींच्या बाजूला कमी. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

९ ऑक्टो., बुधवार
यादम्मा झाडू मारता मारता थांबली. गेली दहा वर्षं भांडी-केर करते, त्याआधी मेदककडे शेतात रोपं लावायला जायची. गुडघ्यावर बसून परातीत डोकावली. "सार, ये सब गेहूँ नै है. वंकाय का नारू है इसमें."
वांग्याची रोपं. चष्मा पुसून बघितलं. गव्हाच्या गर्दीत दोन पानांचं काहीतरी, फिकट, लांब मान काढलेलं. एक. मग तिनेच बोट दाखवून तीन शोधून दिली.
"निकालो सार, नै तो मर जाते."
दसऱ्यापर्यंत काढता येत नाही म्हटलं. तिने सु.कडे बघितलं, सु.ने माझ्याकडे. यादम्मा म्हणाली, "अम्मवारू समझती." देवी समजून घेईल म्हणे. सु. म्हणाली, देवी समजून घेईल, मला नाही जमणार.
मला राग आला नाही. तिचं एकतीस वर्षांचं आहे, माझं दहा दिवसांचं.

१० ऑक्टो., गुरुवार
सहा दिसतायत. सगळी खिडकीकडे वाकलेली, दोऱ्यासारखी. असं रोप टिकत नाही, कुणीही सांगेल.
ट्रे एकदाचे आले. आता येऊन काय उपयोग होता. तरी माती भरून ठेवली.

१२ ऑक्टो., शनिवार. दसरा
दादा आला. प्रशांतने हात धरला होता. दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसला, पाणी पिऊन पुन्हा. वीस मिनिटं लागली.
आल्या आल्या "कुठंय?" मी देव्हाऱ्याकडे बोट केलं. बघत राहिला. मग मी सगळं सांगितलं. प्रशांत हसायला लागला, दादा नाही.
"इतवारी आलं म्हन्लास तवाच कळलं मला. तीन वरसाचं बी सात दिवसांत येत नसतंय."
"मग बोलला का नाहीस?"
"तू बोलतोस का ते बघत होतो."
घट उठवायची वेळ. आमच्याकडे दसऱ्याला धान उपटतात, पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत. उपटलं तर गव्हाच्या मुळांबरोबर माझी रोपं वर येणार. मी कात्री आणून ठेवली होती. सु. म्हणाली, घटाला लोखंड लावायचं नाही. मी म्हटलं, मग तूच सांग. आवाज जरा चढला माझा. सणाच्या दिवशी, दादासमोर.
दादा म्हणाला, "पाट द्या. आन् चष्मा."
पाटावर बसवत नाही त्याला, तरी बसला. घट सु.ने उचलला. दादाने डाव्या हाताची दोन बोटं रोपाच्या दोन्ही बाजूंना मातीत दाबली आणि उजव्या हाताने शेजारचा गहू एकेक काडी उपटायला लागला. हळू. काडी वर येते, रोप हलत नाही. "शेजारचं दाबून धरायचं. निंदताना असंच." मी पन्नास वर्षांपूर्वी त्याच्यामागे बसून हेच पाहिलेलं. मला तेव्हाही जमलं नव्हतं.
दीड तास. पुरण गार झालं. कुणी उठलं नाही. प्रशांतने फोनसुद्धा काढला नाही.
सात रोपं. घटाच्या बुडाखाली आणखी दोन होती, पांढरी, चपटी, ती गेली. सातही रोपं ट्रेमध्ये लावली, पानांपर्यंत मातीत पुरून, दादा सांगेल तसं. मग धान देवीला, आमच्या टोपीत, सु.च्या अंबाड्यात. दादाने उभं राहताना माझ्या खांद्यावर हात टेकला आणि बराच वेळ काढला नाही. गुडघ्यामुळे असेल.
चार माझ्याकडे, तीन तो घेऊन गेला. मांडीवर ठेवून, कारमध्ये.
जाताना प्रशांत जिन्यात म्हणाला, "काका, माझी पुण्याला ट्रान्सफर आहे. डिसेंबर एंडला शिफ्ट होतोय. बाबांना सांगितलंय, ते काही बोलत नाहीत."


२० ऑक्टो., रविवार
एक आडवं झालं. बुडाशी सडलं. पाणी जास्त झालं म्हणतो दादा. फोनवर हल्ली तो वीस मिनिटं बोलतो. त्याची तिन्ही उभी. सून बाल्कनीत कपडे वाळत घालते, सावली पडते म्हणून त्याने दोरी सरकवून घेतली. सुनेशी त्यावरून शब्दाला शब्द झाला म्हणे. हे सांगताना खुशीत होता.

२ नोव्हें., शनिवार
पाडवा. सकाळी जाळी नीट लावली नाही. पाहुणे होते, राहिलं. कबुतराने दोन रोपं देठातून तोडली. खाल्लीही नाहीत, नुसती तोडून टाकली. एक राहिलं.
कबुतराच्या नावाने जे बोललो ते इथे लिहीत नाही. सु. म्हणाली, सणाला तोंड आवरा. मग तिनेच आपल्या जुन्या ओढणीची जाळी शिवून दिली.
दादाला कळवलं. खरं सांगितलं, दोन गेली, एक आहे. म्हणाला, "माझं बी एक गेलं."

१० नोव्हें., रविवार
माझं एकुलतं एक आज वाळलं. कारण कळत नाही. काल ठीक होतं. मुळं बघितली, पांढरी नाहीत. सकाळपासून कशात लक्ष लागलं नाही. यादम्माने उचलून वास घेतला आणि "गया सार" म्हणाली.
म्हणजे आता कुकटपल्लीची दोनच. छत्तिसांतली दोन.

१६ नोव्हें., शनिवार
प्रशांतचा फोन, ऑफिसातून. वैतागलेला. "काका, प्लीज बाबांना समजवा. म्हणतात बी धरल्याशिवाय मी हैदराबाद सोडत नाही. मी म्हटलं कुंड्या गाडीत घालून नेऊ, तर म्हणतात मोडलं तर काय. वांग्यासाठी अडलेत, लिटरली."
मी म्हटलं, वांगंच आहे ते.
"बरं, पण किती दिवस लागतात? तुम्ही सांगा. तेवढं ॲडजस्ट करतो मी."
हिशेब सोपा आहे. या आठवड्यात मोठ्या कुंडीत, जानेवारीत फुलं आणि फळ, एक फळ न तोडता झाडावर पिवळं होऊ द्यायचं, फेब्रुवारीअखेर बी हातात. मला हे तोंडपाठ आहे, दादानेच तीनदा सांगितलंय.
"एप्रिल उजाडेल," म्हणालो. "मेसुद्धा होईल."
मग "एप्रिल?" म्हणाला, आणि बघतो म्हणून ठेवला.
सु. समोर मटार सोलत होती. "मला फेब्रुवारी म्हणाला होतात."
"हं."
"डिसेंबरला प्रशांतचा फ्लॅट सुटणार. एप्रिलपर्यंत भाऊजी राहणार कुठे? ते बोललात का त्याला?"
ते मी धरलंच नव्हतं. महिने वाढवले फक्त. तीन जिने, लिफ्ट नाही, आतल्या खोलीत माझी पुस्तकं आणि मातीची पोती. एकदा वर चढला की दादा खाली उतरायचा नाही, दवाखान्यापुरता सोडून. त्याला इथे कोंडायचं, की पुण्याला जाऊ द्यायचं.
सु. सोलत राहिली. नंतर म्हणाली, पोती गच्चीवर जातील. एवढंच. ना हो, ना नाही.
मला दादा जायला नको आहे. हे कुणाला बोललेलो नाही, सु.लाही नाही. बी तर आहेच, पण बी नसतं तरी तो जायला नकोच होता.
उद्या रविवार. फोन त्याचाच येईल. आधी दोन्ही झाडांची पानं मोजून सांगेल, मग विचारेल, "तुझं काय चाललंय?" तेव्हा विचारायचं, आमच्याकडे राहायला येतोस का. पण तो नाही म्हणाला तर काय, हे काही अजून ठरवलेलं नाही.