तीस तारखेपर्यंत तीन भागीदार

४ नोव्हेंबर, सोमवार

मुख्याध्यापिकाबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. देवघेव वही समोर उघडीच होती. ऑक्टोबरात नऊ पुस्तकं बाहेर गेली, असं त्या म्हणाल्या. त्यातलं एक चुकून दोनदा नोंदलं गेलं होतं, ते मी प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे आठ. त्यांनी नऊ खोडून आठ केले.

मग म्हणाल्या, शाळेचं ग्रंथालय आता एकट्याच्या बळावर चालत नाही, बाहेरच्या लोकांशी भागीदारी करावी लागते. कुठल्याशा शिबिरात ऐकून आल्यात. तीस तारखेपर्यंत तीन भागीदार, लेखी. नाहीतर ग्रंथालयाची खोली जिमनॅस्टिकच्या गाद्यांना आणि मी ऑफिसात दाखले लिहायला.

एकोणीस वर्षं ह्या खोलीत आहे. दाखले लिहिणार नाही.

खरं तर आनंदच झाला. अशा आव्हानाची वाटच बघत होते. (वाट बघत होते का? नक्की नाही. पण नको नव्हतं.)

५ नोव्हेंबर, मंगळवार

पाया भक्कम हवा. म्हणून आधी अर्ज तयार केला, 'सहकार्य प्रस्ताव', चौदा रकाने. दिवस गेला, पण वाया नाही.

नवऱ्याने वाचला. विचारलं, हा अकरावा रकाना, 'भागीदारीमागील अंतःस्थ हेतू', हे काय गं? असं पोलीस विचारतात. मग नेहमीचं. म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, धाकटीला एक फोन कर.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग तिच्याकडे आहे. मी समजावलं की नात्यातल्या माणसाकडे जाणं हा वशिला झाला. तो म्हणाला, वशिला कसला, तिच्याकडे पुस्तकं आहेत आणि तुझ्याकडे पोरं. माझ्याकडे पुस्तकंही आहेत, साडेतीन हजार, याची आठवण करून दिली.

स्वतःला विचारलं, मनात काही आकस आहे का? अजिबात नाही. चार वर्षांपूर्वी पुतण्याच्या वाढदिवसाला ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, वहिनी, तुमच्याकडची पुस्तकं किती नवीकोरी राहतात हो! मला ते आता आठवतही नाही. (सव्वासात वाजले होते. हिरवा ड्रेस. फ्रिजजवळ उभी होती.)

७ नोव्हेंबर, गुरुवार

पुस्तकांच्या दुकानदाराकडे. फार सौजन्याने बोलला. तीनशे पुस्तकं देतो म्हणाला. माझे डोळे भरून आले. मग कळलं, गेल्या वर्षीची गाइडं. गोदाम रिकामं होईल, बाई, तुमचंही भलं. मी म्हटलं, गाइड म्हणजे वाचन नव्हे. तो म्हणाला, पोरं वाचतात ती तेवढीच.

मी नम्रपणे नकार दिला. नकार माझ्याकडून गेला, हे महत्त्वाचं. त्यामुळे हे अपयश धरता येत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी पुस्तक मागायला आली. चाव्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरवर अर्जांचे गठ्ठे. तिला सांगितलं, बाळा, सध्या मुलांच्या वाचनाचंच मोठं काम चाललंय, डिसेंबरात ये.

११ नोव्हेंबर, सोमवार

पहिला भागीदार! दातांचे डॉक्टर. त्यांच्या वेटिंग रूममध्ये आपली वीस पुस्तकं. मुलं नंबर येईपर्यंत वाचणार. डॉक्टरांनी चौदाही रकान्यांत 'होय' लिहिलं. अंतःस्थ हेतू : होय. थोडं खटकलं. पण सही ठसठशीत आहे.

पुस्तकाबरोबर प्रत्येक वाचकाने एक छोटा अभिप्राय-अर्ज भरायचा आहे. नोंद राहायला हवी. नोंद नसेल तर वाचलं हे कशावरून?

घरी अर्जांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन पेढीवर बसल्यासारखी बसले. लेकीने विचारलं, आई, तुझ्या लायब्ररीत यायला व्हिसा लागतो का? दहावीत आहे. शब्दसंपत्ती चांगली आहे, वापर चुकीचा.

१३ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी १

शिपाईमामांनी एक लिफाफा आणून दिला. सार्वजनिक ग्रंथालय, बालविभाग. माझ्या नावाने. अक्षर धाकटीचं.

तासभर टेबलावर समोर ठेवला. उघडला तर नात्याचा परिणाम माझ्या निर्णयावर होणार. न उघडला तर कदाचित शाळेचं नुकसान. दोन्ही बाजू कागदावर मांडल्या.

दुपारी ३

निर्णय झाला. न उघडता मुख्याध्यापिकाबाईंकडे पाठवला. सोबत चिठ्ठी : 'प्रेषक माझ्या नात्यातील असल्याने या विषयातून मी स्वतःला बाजूला ठेवत आहे. माझं कोणतंही मत गृहीत धरू नये. आपण योग्य तो निर्णय घ्यावा.' दोनदा वाचली. एकही शब्द जास्त नाही.

असं वागणारी माणसं आता कमी राहिलीत. नवऱ्याला सांगितलं. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. आदराने असावं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा भागीदार! ज्येष्ठ नागरिकांचा संघ. रोज दुपारी येऊन लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवणार. आज अकरा जण आले. अर्ज घरी नेऊन भरतो म्हणाले. चष्मे विसरले होते.

बाकी एकच. पंधरा दिवस हातात. थोडं सावकाश घ्यायलाही हरकत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ज्येष्ठ नागरिक अकराच्या अकरा हजर. सोबत वर्तमानपत्रं घेऊन. पंखा बंद करायला लावला. एका बातमीवरून दोघांचं वाजलं, तिसरे शब्दकोशावर डोकं ठेवून झोपले. दुसरीचा वर्ग दाराशी आला तर एक आजोबा त्यांनाच 'शूः' म्हणाले.

निवृत्त इंजिनिअर मात्र वाचायला बसले. गोष्टीत राजकन्येला पूल ओलांडायचा होता. ते म्हणाले, असा पूल उभाच राहणार नाही. मग फळ्यावर आकृती. घंटा झाली तेव्हा राजकन्या अलीकडेच होती.

आजची वाचकसंख्या अकरा. सरासरी वय बहात्तर. पण आकडा वाढला, हे कुणालाही नाकारता येणार नाही.

पीटीचे सर टेप घेऊन आले आणि भिंत मोजून गेले. सहज, म्हणाले.

२० नोव्हेंबर, बुधवार

दातांच्या दवाखान्यातून फोन. रिसेप्शनवरची मुलगी चिडली होती. बाई, दात काढायला सात मिनिटं लागतात, तुमचा फॉर्म भरायला अकरा. डॉक्टर आत रिकामे बसलेत आणि पेशंट बाहेर लिहितायत. एका मुलाचं तोंड बधिर होतं, त्याला अभिप्राय लिहायचा म्हणून रडू कोसळलं.

संध्याकाळी वीस पुस्तकं पिशवीतून परत. मोजली, वीसच आहेत. आपल्या पद्धतीचं हे यश म्हणायला हवं.

पहिला भागीदार : तात्पुरती स्थगिती.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्येष्ठांनी अर्ज आणले. सगळ्यांचा नववा रकाना कोरा, चारित्र्याचा दाखला. मुलांच्या सहवासात येणाऱ्या माणसांचा दाखला घ्यायलाच हवा, त्यात माझी काय चूक? सर्वांत वयस्कर आजोबा म्हणाले, बाई, मला ओळखणारे सगळे गेले. दाखला कुणाकडून आणू?

त्यांच्यासाठी नियम शिथिल करावा का? रात्रभर विचार करते म्हटलं. ते म्हणाले, करा विचार, तोवर आम्ही बागेत बसतो. अकराही जण उठून गेले. जाताना पंखा लावून गेले.

आता खोलीत मी आणि पंखा.

आठ दिवस. भागीदार शून्य. न्हावी, लाँड्रीवाला, पोस्टमन, कुणीही चालेल. नवीन अर्ज केला, सातच रकाने. हा केवढा बदल आहे, हे कुणाच्या लक्षात येणार नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

लाँड्रीवाला म्हणाला, वाचनाशी माझा काय संबंध? न्हावी म्हणाला, ठेवा पुस्तकं, पण केस पडतील. पोस्टमन थांबलाच नाही, सायकलवरून नुसता हात केला. मी गेटपर्यंत त्याच्या मागे धावले. वरच्या खिडकीतून सातवीच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मग मान खाली घालून न्हाव्याकडे परत गेले, केस चालतील असं सांगायला. शटर बंद होतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. चक्क उठून उभ्या राहिल्या, अभिनंदन केलं. म्हणाल्या, तुम्ही पाठवलेला प्रस्ताव शाळा समितीने मान्य केला. तीन भागीदार कशाला, हा एकच पुरेसा आहे. दर गुरुवारी आपली मुलं सार्वजनिक ग्रंथालयात जाणार, चालत दहा मिनिटं. तिथे मोठा हॉल आहे, कपाटं उघडी असतात. गाद्यांच्या खोलीचाही प्रश्न सुटला.

मी विचारलं, कसला प्रस्ताव?

त्यांनी पत्र पुढे केलं. आता निर्णय झालेला असल्याने वाचायला हरकत नव्हती. वाचलं.

'वहिनी, तुमच्या ग्रंथालयासाठी आमच्याकडून दर महिन्याला शंभर पुस्तकं फिरती पाठवता येतील. आठवड्यातून दोन दुपारी मी स्वतः तुमच्या खोलीत येईन, आपण दोघी मिळून गोष्टी सांगू. मुलांना तुमच्याकडेच आणायचं, आमच्याकडे नाही. त्यांना रोज सापडेल अशी तुमचीच खोली आहे. तुम्हाला जमणार असेल तरच. फोन करा.'

मी म्हटलं, पण ह्यात तर पुस्तकं आमच्याकडे येणार असं आहे. त्या म्हणाल्या, हो, पण खोली ठेवायची की नाही यावर तुमचं काहीच मत नव्हतं. चिठ्ठीत तुम्हीच लिहिलंत. ती चिठ्ठी समितीत वाचून दाखवली. सगळ्यांना फार आवडली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

हरकतीचा अर्ज लिहिला. फाडला. या विषयातून मी स्वतःला बाजूला ठेवलंय. हरकत घेतली तर ती चिठ्ठी खोटी ठरते. हरकत न घेतली तर खोली जाते.

पुन्हा लिहिला. पुन्हा फाडला.

नवरा म्हणाला, अगं, ठरू दे ना ती चिठ्ठी खोटी! त्याचा आवाज एवढा चढलेला मी वर्षभरात ऐकला नव्हता.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

धाकटीच्या घरी गेले. दारावरची बेल दाबायला चार मिनिटं लागली. तिने ओढून आत नेलं, वहिनी, किती दिवसांनी! चहा टाकला. मी म्हटलं, पत्राबद्दल बोलायचं होतं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, बारा दिवस तुमच्या फोनची वाट पाहिली. मग शाळेचं पत्र आलं, मुलांना आमच्या ग्रंथालयातच पाठवणार म्हणून. मला वाटलं, तुम्हाला मी तिथे नकोय. म्हणून गप्प बसले.

मी म्हटलं, तसं नव्हतं. ती म्हणाली, मग कसं होतं?

हा प्रश्न साधा आहे. मी चहा संपवला. तिने पुन्हा ओतला. तोही संपवला. शेवटी म्हटलं, मी पत्र उघडलंच नाही. ती म्हणाली, का?

मी तिला वशिला, निःपक्षपातीपणा वगैरे सांगायला लागले आणि मध्येच थांबले. स्वतःच्याच कानाला ते पटेना. मग फ्रिजजवळचं ते वाक्य सांगितलं, वाढदिवसाचं. ती चकितच झाली. म्हणाली, अहो, ते मी कौतुकाने म्हटलं होतं. आमच्याकडची पुस्तकं पोरं फाडून ठेवतात, वहिनी. मी वैतागले होते तेव्हा.

आता समिती बदलेल का, विचारलं. गाद्यांची ऑर्डर गेली म्हणे, ती म्हणाली.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज मुदत संपली. भागीदार : एक.

कपाटं हलवली. पीटीच्या सरांनी मदत केली, वाईट माणूस नाही. साडेतीन हजार पुस्तकं ऑफिसच्या मागच्या बोळात. एका कपाटाची चावी सापडेना, म्हणून कुलूप तोडलं. आत मुलांची गोष्टींची पुस्तकं होती. दाखल क्रमांक आहेत, पण देवघेवीचा कागद एकाही पुस्तकात भरलेला नाही. एकोणीस वर्षं.

नवीकोरी आहेत, हे खरं.

५ डिसेंबर, गुरुवार

पहिला गुरुवार. दाखले दुपारनंतर लिहायचे असल्याने सकाळी मुलांबरोबर मला पाठवलं. बेचाळीस मुलं, दोन-दोनच्या रांगेत. रस्ता ओलांडताना एकदा मोजली, पोचल्यावर दोनदा.

हॉल मोठा आहे. मुलं आत शिरली आणि विखुरली. कुणी जमिनीवर, कुणी पोटावर, एक खिडकीत. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. काहीतरी खोट शोधावी म्हणून मी एक फेरी मारली. दोन पुस्तकं उलटी ठेवली होती, बस.

धाकटी म्हणाली, वहिनी, तुमचंही कार्ड काढू. अर्ज पोस्टकार्डाएवढा. नाव, पत्ता, आवडतं पुस्तक. मी मुलांच्या रांगेत उभी राहिले, कारण रांग तीच होती. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. मग पेन थांबलं.

शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं? यादीतली नावं एकामागून एक येत होती, दाखल क्रमांकांसकट. आतलं काही येत नव्हतं.

मागची मुलगी पाय बदलत उभी होती. म्हणाली, बाई, लिहा ना काहीही, त्या बघत नाहीत.

काहीही लिहिणं मला जमलं नाही. रकाना कोरा ठेवला. धाकटीने खरंच बघितलं नाही; शिक्का मारून कार्ड हातात दिलं. बालविभाग, एका वेळी एक पुस्तक. मागची मुलगी पुढे झाली आणि तिने एका दमात तीन नावं लिहिली, एका ओळीत मावली नाहीत म्हणून पाठीमागेही.

आता संध्याकाळचे साडेसहा. दाखले झाले, सव्वीस. आवडतं पुस्तक कोणतं, ते अजून आठवून बघतेय.