खारूताईचं वाक्य

३ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन करून उपयोग नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही. म्हणून पत्र.

माझं बरं चाललंय. खोली लहान आहे, खाली कपडे धुण्याचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर जमीन थरथरते आणि साबणाचा वास येतो. शाळा मात्र छान. आपल्या आणि यांच्या शाळेची जोडी जमवून वर्षभरासाठी शिक्षकांची अदलाबदल करायची, ही कल्पना ज्याने काढली त्याचं भलं होवो. मी इथे यांच्या मुलांना आपली भाषा शिकवते, आणि इथल्या बाई तिकडे आपल्या मुलांना यांची. त्या माझ्याच खोलीत राहताहेत, तेव्हा माझ्या कपाटातला पसारा बघून त्यांनी आपल्या देशाबद्दल काय मत केलं असेल ते विचारू नका.

आता खरी गोष्ट. माझ्या वर्गात मूठभर मुलं आहेत. त्यात एक बारा वर्षांची मुलगी आहे, खोडरबराचे तुकडेसुद्धा खिशात साठवते, म्हणून मी तिला खारूताई म्हणते. कमी बोलते, पण कान तिखट. परवा तिने मला विचारलं की कोंबड्यांना खुराड्यात घालून दार लावतात त्याला तुमच्याकडे काय म्हणतात. मी सांगितलं, कोंडणे. काल वर्गात मी प्रत्येकाला 'रोज संध्याकाळी' असं सुरू करून एक वाक्य बोलायला लावलं. कोणी म्हणालं, आम्ही टीव्ही बघतो, कोणी म्हणालं, आजी विणते. खारूताई उभी राहिली आणि म्हणाली, रोज संध्याकाळी बाबा मला मागच्या खोलीत कोंडतात.

बाबा, मी खूश झाले. नवा शब्द, आणि इतका अचूक वापरला! मी शाबास म्हटलं आणि ते वाक्य साऱ्या वर्गाकडून दोनदा म्हणवून घेतलं. सगळी मुलं एका सुरात म्हणत होती आणि ती माझ्याकडे बघत होती. घरी येऊन चहाचं पाणी ठेवलं तेव्हा डोक्यात उजेड पडला, आणि तेव्हापासून घास गिळवत नाही.

ती हे तिच्या भाषेत कोणालाही सांगू शकली असती. तिने आपल्या भाषेत सांगितलं, म्हणजे मलाच सांगितलं. मी काय करू? पाहुण्या बाईंना यातलं अवाक्षर बोलू नका, शाळा त्यांची आहे. उगाच बोभाटा झाला आणि ते निव्वळ कल्पनेतलं वाक्य निघालं तर मी तोंडघशी पडेन.

तुमचा सल्ला आणि तुमची माया दोन्ही लवकर धाडा.
तुमची,
ठमी


१४ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला ऐकू येतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

पाहुण्या बाईंची गंमत ऐक. त्यांनी न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक लावलंय. मला सकाळी सहा ते सव्वासहा मिळालेत. मी मुख्याध्यापक असताना शाळेला लावलेली शिस्त आता माझ्यावर उलटली, असं तुझा भाऊ म्हणतो आणि पोट धरून हसतो. पण बाई लाख माणूस आहेत. मी खोलीत आलो की उभ्या राहतात. तू कधी राहिली नाहीस.

आता तुझ्या खारूताईबद्दल. घाबरू नकोस आणि कागदी घोडे नाचवू नकोस. तीस वर्षं मी एकच उपाय केला, तो म्हणजे घरभेट. मूल सुकलेलं दिसलं की संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसायचो. तक्रार करायची नाही, आधी तोंडभर कौतुक करायचं. निघताना उंबऱ्यात एखादं वाक्य सहज टाकायचं, म्हणजे शाळेचं लक्ष आहे हे बापाला कळतं. बाप कितीही तापट असला तरी मास्तर दारात आला की वरमतो. तूही जा. गोड बोल. मुलीचं नाव पुढे करू नकोस, पण तुला कळलंय एवढं त्याला कळू दे.

तू सांगितलंस म्हणून बाईंना काही बोललो नाही. पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही, तरी ठेवलंय.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते काही टपालाने यायची वाट बघत नाहीत.
तुझे,
बाबा


२६ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं काल केलं. खारूताईच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान आहे. काचेच्या कपाटांत ओळीने चष्मे, आणि प्रत्येकामागे छोटा दिवा. माणूस अतिशय सौम्य. मला बसायला खुर्ची दिली, माझ्या चष्म्याची दांडी सैल झालेली त्याच्याच लक्षात आली आणि त्याने ती घट्ट करून दिली. पैसे घेतले नाहीत.

मी मुलीचं भरभरून कौतुक केलं. माझी त्यांच्या भाषेतली गाडी अजून अडखळत चालते, पण तो मध्ये न बोलता ऐकत होता. ती आमच्या भाषेत घरच्या गोष्टीसुद्धा किती छान सांगते, संध्याकाळी काय काय होतं तेसुद्धा, असं मी म्हणाले. कोणत्या गोष्टी, असं त्याने हसत विचारलं. मी पिशवी उचलून उठले. निघताना दारात थांबून एवढंच म्हणाले की मागच्या खोल्यांमध्ये थंडी असते, मुलांना त्या मानवत नाहीत. त्याने मान हलवली, माझे आभार मानले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

तुमच्या शब्दांत सांगायचं तर वरमला. तरी मला अजून हायसं का वाटत नाही, कळत नाही. आज ती शाळेत आली नाही. सर्दीपडसं असेल.

भावाला म्हणावं, बाबांना हसणं पुरे. तुमच्या पत्राची वाट बघते.
तुमची,
ठमी


२७ ऑक्टोबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

हे पत्र मिळेल तेव्हा उशीर झाला नसेल अशी आशा करतो. तू त्या माणसाकडे गेली नसशील तर जाऊ नकोस.

आज सकाळी मला राहवलं नाही. पाहुण्या बाईंना आडून विचारलं, की समजा तुमच्याकडे एखाद्या मुलीने शिक्षिकेला अमुक अमुक सांगितलं तर काय करतात. बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, की कोणती मुलगी. खोडरबराचे तुकडे साठवणारी, असं मी सांगून टाकलं. तुझा शब्द मोडला, त्याबद्दल पुढे हवं तेवढं रागव.

त्यांच्याकडे असं काही कानावर आलं की त्याच दिवशी शाळेतल्या मुलांच्या समुपदेशक बाईंना सांगायचं असतं, म्हणे. घरी तर मुळीच कळू द्यायचं नाही. कारण बापाला कळतं तेव्हा मूल त्याच्याच घरात असतं आणि दार बंद असतं. हे प्रत्येक शिक्षकाला रुजू होताना पहिल्या दिवशी समजावतात, असंही त्या म्हणाल्या. तुला समजावलं नव्हतं का?

बाईंनी इथूनच त्यांच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. दोन वाक्यं बोलल्या आणि रडायला लागल्या. ती मुलगी त्यांच्याही वर्गात होती.

मी काय लिहून बसलो तुला, ठमे.
तुझे,
बाबा


७ नोव्हेंबर

बाबा,

सा. न. वि. वि. लिहायचं त्राण नाही, ते धरून चाला.

पाहुण्या बाईंचा फोन इथे पोचला त्याच्या दोन दिवस आधी मी दुकानात जाऊन आले होते. खारूताई आठवडाभर आली नाही. आली तेव्हा डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. दारात सापडली, असं तिने वर्गशिक्षकांना सांगितलं. माझ्या तासाला ती बसली, पण तोंड उघडलं नाही, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पहिल्या दिवशी हे नियम मला सांगितले होते का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. सांगितले होते, बाबा. तासभर सांगितले होते, मोठ्या खोलीत, भराभर. मला निम्मंच कळत होतं आणि कळत नाही म्हणायची लाज वाटत होती, कारण मी भाषेची शिक्षिका ना! मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिले. तुमच्यासारखीच. नाक तुमचं, खोडही तुमचीच.

तुमचा राग आला होता. पहिले दोन दिवस भयंकर आला. तुम्ही सल्ला दिलात, पण पाय माझेच होते आणि दुकानाची पायरी मीच चढले. हे लिहितानासुद्धा थोडा राग आहेच.

आता पुढचं. मुलांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी बाई येऊन गेल्या. खारूताईला त्यांनी हरप्रकारे विचारलं, ती फक्त बोटं दारात सापडली एवढंच म्हणते. ती बोलली नाही तर तिला घराबाहेर ठेवायला आधार नाही, आणि शाळा सुटली की तिला घरीच जावं लागतं. माझी अदलाबदल या महिनाअखेर संपवायची असं ठरलंय. तिकीट आलं आहे.

आणि काल तिने समुपदेशक बाईंना सांगितलं, की मी बोलेन, पण त्या भाषेत बोलेन, आणि त्या बाई असतील तर. ती भाषा म्हणजे आपली, आणि त्या बाई म्हणजे मी. हे नियमात बसत नाही, कारण मी या प्रकरणात गुंतलेली. पण तिला दुसरं कोणी नको आहे. शेवटी असं ठरतंय की सगळं ध्वनिमुद्रित करायचं आणि माझं भाषांतर नंतर तिकडे पाहुण्या बाईंनी तपासायचं. मला भीती वाटते. एकदा तिचं बोलणं माझ्या हातून असं वाया गेलंय.

तुमची,
ठमी


१८ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

या वेळी सल्ला नाही. मी चुकलो. माझ्या गावातले बाप मला ओळखत होते म्हणून मला वाटायचं की सगळ्या बापांना मी ओळखतो.

तू राग लपवला नाहीस ते बरं केलंस. भाऊ म्हणतो, बाबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. त्याचं ऐकू नकोस, थोडं गेलं.

पाहुण्या बाई ध्वनिमुद्रण तपासायला तयार आहेत. तू एक शब्द इकडचा तिकडे केलास तर मी सोडणार नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. तू नीट करशील. घरी येशील तेव्हा कोणी काही विचारणार नाही, मीसुद्धा नाही. पुढची माया समक्षच.
तुझे,
बाबा


२९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

निघण्याआधी हे लिहून टाकते, कारण समोर बसून मला बोलता येणार नाही आणि तुम्हाला ऐकू येणार नाही.

खारूताईचा जबाब सरकारी बाईंच्या ऑफिसातल्या एका खोलीत झाला. गोल टेबल, कागदी रुमालांचा डबा, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. खारूताईची आई कोट न काढता कोपऱ्यात बसली होती. वडिलांना आत येऊ दिलं नव्हतं. सरकारी बाईंनी मला बजावलं, की भाषांतर करताना 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. ती 'मी' म्हणाली की मीही 'मी'च म्हणायचं.

मग ती बोलू लागली. बाबा, तिचे शब्द किती कमी आहेत! मी शिकवलेले तेवढेच. भाजीपाल्याचे, घरातल्या वस्तूंचे, वारांचे. त्यातूनच ती वाट काढत होती. पट्टा हा शब्द तिला येत नव्हता, तिने कमरेकडे बोट दाखवलं. आणि मी तिच्या आईसमोर, त्यांच्या भाषेत, मोठ्याने म्हणत होते की मला मारतात, मला कोंडतात, मी ओरडले तर जास्त वेळ कोंडतात. एकदा तिने सांगितलं, की मी बाईंना सांगितलं होतं, बाई हसल्या, मग बाईंनी बाबांना सांगितलं. तेही मी जसंच्या तसं म्हटलं. सरकारी बाईंनी मान वर केली, मी थांबले नाही. कोपऱ्यात आईने कोटाची बटणं काढायला सुरुवात केली आणि ती काढतच राहिली.

पाहुण्या बाईंनी भाषांतर बरोबर असल्याचं कळवलं, हे तुम्हाला माहीतच असेल. खारूताई आता मावशीकडे राहते, वडिलांना तिला भेटायची बंदी आहे. खटला उभा राहील. ती सुरक्षित आहे. हे मी पुन्हा लिहिते, कारण हेच महत्त्वाचं आहे: ती सुरक्षित आहे.

काल शाळेत सगळ्यांचा निरोप घेतला. खारूताईने भाषेच्या वर्गातून नाव काढून घेतलंय, त्या तासाला ती आता चित्रकलेला बसते. मी तिला शोधत गेले. ब्रश धूत होती. मी आपल्या भाषेत विचारलं, कशी आहेस. तिला कळलं, ते दिसलं. तिने ब्रश झटकला, रुमालाला हात पुसले आणि तिच्या भाषेत म्हणाली, की प्रवास सुखाचा होवो, बाई. मग मीही तिच्याच भाषेत तिचे आभार मानले, जमेल तसे, अडखळत. तिने माझी चूक सुधारली नाही.

टपाल माझ्या मागून येईल, म्हणून या पत्राचा फोटो भावाच्या फोनवर धाडते, तो दाखवेल. परवा पोचते. स्टेशनवर येऊ नका, थंडी असेल; येणारच असाल तर कानटोपी घालून या.
तुमची,
ठमी