बाजारानं फोन ठेवला तेव्हा

अप्पा, आज नव्या इंजिनियरांच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर आठ चौकोन काढले. दर बॅचला काढते. मोबाईलच्या टॉवरची एक वाट आणि तिच्यात वेळेचे आठ कप्पे. जुन्या नेटवर्कात फोनवर बोलणारा माणूस एक अख्खा कप्पा धरून बसायचा, गप्प राहिला तरी सोडायचा नाही. इंटरनेटचं तसं नव्हतं. त्याचे बारीक तुकडे व्हायचे आणि मोकळा कप्पा सापडेल तिथून एकेक तुकडा पुढं सरकायचा. बोलणाऱ्याचा मान पहिला, जागा उरली तर डाटा. हे मी आता झोपेतसुद्धा सांगेन. पण तुम्ही ते माझ्या आधी ओळखलं होतं, तेही घाटनांदूरच्या किराणा दुकानात बसून.

आपल्या दुकानात एसटीडीचं काचेचं बूथ होतं. गावातून बाहेर जाणाऱ्या लायनी मोजक्याच. दिवाळीत गिऱ्हाईक घामाघूम होऊन नंबर फिरवायचं आणि लागायचाच नाही. मग तुम्ही पायरीवर येऊन समोरच्या बूथवाल्या काकांना हाक मारायचात, "तुमचं गिऱ्हाईक उठलं का?" त्यांनी मान हलवली की इकडं नंबर लावायचा. पुढच्या वेळी ते विचारायचे, तुम्ही मान हलवायचात. दोन दुकानांचं एवढं वैर, पण यात कधी लबाडी झाली नाही.

पुढं मोबाईल आले, बूथमध्ये साखरेची पोती आली, आणि मी इंजिनियर होऊन घरी बसले. एका मोबाईल कंपनीची भरती निघाली. अर्ज नेटवरूनच भरायचा, शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. अंबाजोगाईला जायला वेळ उरला नव्हता. मैत्रिणीचा लॅपटॉप मोबाईलला वायरीनं जोडून मी दुकानातच बसले होते. त्या दिवशी आठवड्याचा बाजार, त्यात ऊसतोडीचा हंगाम तोंडावर. समोरच्या हॉटेलात मुकादमांची ही गर्दी, प्रत्येकाच्या कानाला फोन, कुणी तोडणी मजुरांची टोळी गोळा करतंय, कुणी ट्रकवाल्याला बोलावतंय. माझा अर्ज अर्ध्यावर अडकला. साडेचार वाजून गेले, रडू यायला लागलं. तुम्ही म्हणालात, "लायनी भरल्या असतील." मी फाडकन बोलले, "अप्पा, तुमाला यातलं कळत न्हाई. रेंज पूर्ण हाय. वेबसाईटच बंद पडलीय."

"रेंजच्या कांड्या भरल्यात म्हंजी टॉवर दिसतोय," तुम्ही म्हणालात. "जागा हाय का न्हाई, ते कुठं दिसतंय?"

आणि गिऱ्हाईक तसंच सोडून टोपी घालून निघालात. मी दारातून बघतेय. तुम्ही टेबलाटेबलाशी जाताय. "मुकादम, पाच मिनटं फोन ठेवा."

"कामून अप्पा?"

"लेकीचा फॉर्म अडकलाय. सगळ्या लायनी तुमीच धरून बसलाय."

"हवेत कुठली लाईन आली ओ?" कुणीतरी हसलं. पण फोन ठेवला. मग शेजारच्यानं ठेवला. बैलबाजाराच्या तोंडापर्यंत तुम्ही गेलात, आणि इकडं स्क्रीनवर आलं, अर्ज मिळाला. धापा टाकत परत आलात. "गेला?"

"गेला. पण तुमच्यामुळं न्हाई. वेबसाईट सुरू झाली."

"आसंल बाई," म्हणालात आणि तूरडाळ जोखायला बसलात. चेहरा मात्र खुशीत होता. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा त्याच हॉटेलात पेढे वाटलेत आणि मी रुजू व्हायच्या आधीच आम्हाला कायमचं सोडून गेलात. ट्रेनिंगच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या साहेबांनी ते आठ कप्पे समजावले, तेव्हा लाजेनं माझी मान वर होईना. लहान टॉवर, कप्पे सगळे बोलणाऱ्यांनी भरलेले. तुमचंच बरोबर होतं.

आता बोलणंसुद्धा तुकडे होऊन जातं, कुणाला फोन ठेवायला सांगावं लागत नाही. माझं काम मला चोख येतं अप्पा, त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हे पत्र वहीतच राहणार आहे, तर खरं सांगते. बाजाराची ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते, पोरं खूश होतात. त्या गोष्टीत टेबलाटेबलाशी जाऊन मुकादमांचे फोन ठेवायला लावणारी मी असते. तुम्ही दुकानात बसलेले असता. आजही तसंच सांगून आले.